आजोबांशी लिहून बोलायला काय घ्यावं? पॅड, व्हाइटबोर्ड, पाटी आणि वही, आठ महिने वापरून

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लिहिण्याच्या वस्तूंचा आहे पण अभ्यासासाठी किंवा ड्रॉइंगसाठी नाही, बोलण्यासाठी. आमच्या घरी आजोबा आहेत, आईचे वडील, वय ८४, आणि गेल्या दिवाळीपासून त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय. कानाचं मशीन आहे, दोन्ही कानांना आहे, पण त्याने आवाज येतो, शब्द येत नाहीत. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावून सांगितलं की वयामुळे कान जातात तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, त, क, फ हे सगळे तिकडचेच, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, आणि आपण जेवढं ओरडू तेवढे स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. हे ऐकलं त्या दिवसापासून आम्ही घरात ओरडणं बंद केलं आणि लिहायला लागलो. आजोबांची वाचा उत्तम आहे, डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरे आहेत, म्हणजे आम्ही लिहायचं आणि त्यांनी बोलायचं असं चालतं. ज्यांच्या घरी अशीच परिस्थिती आहे त्यांचे पैसे आणि मुख्य म्हणजे चिडचिड वाचावी म्हणून एवढं सगळं टाइप करतेय.

पहिली खरेदी एलसीडी रायटिंग पॅडची, लहान मुलांना देतात ना तो काळा पॅड, साडेआठ इंची, ऑनलाइन साडेतीनशेला. कंपनीचं नाव देत नाही कारण हे असे पॅड सगळे साधारण एकाच पद्धतीचे असतात. काम कसं करतो ते मला फार आवडलं. आत लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर असतो, आपण दाबलं की तेवढ्या जागेतली रचना बदलते आणि तिथून उजेड परत फिरतो, म्हणून अक्षर हिरवट दिसतं. ते अक्षर टिकवायला बॅटरी लागतच नाही, चपटा सेल असतो तो फक्त बटण दाबून पुसण्यापुरता. म्हणून सेल महिनोन्महिने जातो. काडी हरवली तर नखाने पण लिहिता येतं. खडू नाही, धूळ नाही, वास नाही, दवाखान्यात नेता येतो, वजन काहीच नाही.

मग अडचण काय, तर दोन. एक म्हणजे त्याला स्वतःचा उजेड नसतो आणि काळ्यावर हिरवट रेघ म्हातारपणीच्या डोळ्यांना पुरेशी ठळक दिसत नाही, वर प्लास्टिक चकचकीत असल्यामुळे ट्यूबलाइटची पट्टी नेमकी मधल्या ओळीवर येऊन बसते. संध्याकाळी सातनंतर आजोबा पॅड हातात घेऊन खिडकीकडे, दिव्याकडे असा फिरवत बसायचे. दुसरी अडचण मराठीची आहे, आणि ती कुठल्याच रिव्ह्यूमध्ये लिहिलेली नव्हती. या पॅडवर रेघ उठते ती दाबामुळे, आणि आपण अनुस्वार देतो तो हलका टेकवून, सवयीने. तो उठतच नाही. एकदा मी लिहिलं, शेजारच्यांचं भांडं दिलं. आजोबांनी वाचलं भाडं दिलं. आणि त्यांना वाटलं शेजारची खोली आपण भाड्याने घेतली आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. दोन तास गप्प बसून होते. मला कारणच कळेना. संध्याकाळी त्यांनी विचारलं, माझी अडचण होतेय का घरात? एका टिंबापायी. तेव्हापासून मी अनुस्वार टिंब म्हणून देतच नाही, छोटा गोल काढते आणि भरते.

यावर आजोबांनीच एक युक्ती सांगितली ती पॅडवरच नव्हे तर कुठल्याही साधनावर उपयोगी आहे. त्यांचे वडील मोडी लिहायचे, बोरूने. मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग अक्षरं त्या रेघेला खाली लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. पुण्यात पेशवे दफ्तरात अशी कोट्यवधी मोडी कागदपत्रं आहेत, मी शाळेच्या ट्रिपला लांबून बघितली होती, तेव्हा काय डोंबल कळणार. आता कळलं. आपण घाईत लिहिताना शिरोरेषा खाऊन टाकतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही कारण आपण अंदाजाने वाचतो. पण ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, या जोड्यांमध्ये वरची रेघ कुठे तुटते यावरच बराचसा फरक असतो. रेघच नसेल तर समोरच्याने ओळखायचं कशावरून? आता मी आधी रेघ मारते, मग लिहिते. वेग कमी झाला, पण पुन्हा पुन्हा लिहावं लागत नाही.

व्हाइटबोर्ड. ए-फोरच्या आकाराचा घेतला, सोबत कॅमलिनचा काळा मार्कर. वाचायला हा सगळ्यात स्पष्ट, पांढऱ्यावर काळं, ठसठशीत, खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरला तरी दिसतो. पाहुणे आले की आम्ही हाच काढतो. पण रोजच्यासाठी नाही, कारण अक्षर मोठं येतं म्हणून चारच शब्द मावतात, आणि चार शब्दांत सगळं लिहायचं म्हटलं की बोलणं हुकूम सोडल्यासारखं होतं. गोळी घ्या. जेवायला चला. उद्या दवाखाना. असं आठवडाभर वाचल्यावर आजोबा म्हणाले, मी काय बोर्डिंगात आहे का. त्यांचं बरोबर होतं. बोलताना आपण ‘आजोबा, गोळी घेताय ना’ म्हणतो तेव्हा त्या ‘ना’मध्ये जे असतं ते चार शब्दांच्या बोर्डावर पहिलं गळतं. आणि एकदा मी ‘सावकाश’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या, काळजीने, तर त्यांनी विचारलं चिडलीस का. म्हणजे अधोरेखित केलं की त्यांना तो वरचा आवाज वाटतो. आता रेघ मारत नाही, आणि ‘ना’, ‘हं’, ‘बरं का’ हे सगळं लिहिते, जागा गेली तर गेली.

व्हाइटबोर्डवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. मार्करच्या शाईत असा पदार्थ घातलेला असतो की रंग पृष्ठभागाला घट्ट धरत नाही, म्हणून पुसला जातो, पण तेच अक्षर चार-पाच दिवस राहिलं की हट्टी होतं. दादाने तर एकदा चुकून परमनंट मार्करने लिहिलं. घासत बसू नका. त्याच अक्षरावर व्हाइटबोर्ड मार्करनेच परत गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, नव्या शाईतलं द्रावण जुनी शाई सुटी करतं. आमचा बोर्ड त्यानेच वाचला.

फोनवर बोललेलं टाइप करून दाखवणारं अ‍ॅप पण करून पाहिलं, मराठी येतं त्याला, एकट्याने शांत खोलीत बोललं तर चांगलं येतं. पण स्वयंपाकघरात कुकर चालू, दोघं एकदम बोलतायत, तिसरा मधे हसतोय, अशा घरात नाही चालत. माणसांची नावं तर हमखास वेगळीच. आणि आजोबा स्क्रीनकडे बघत राहतात, आमच्याकडे नाही. बँकेत किंवा डॉक्टरांकडे मात्र फार कामाला येतं, तिथे एकच माणूस समोर बसून नीट बोलत असतो.

आता पाटी. खरी दगडी पाटी, लाकडी चौकटीची, साठ रुपयाला, दोन पेन्सिली वेगळ्या घेतल्या. ही मी फक्त हौस म्हणून घेतली होती आणि आज घरातली सगळ्यात जास्त हाताळलेली वस्तू तीच आहे. पेन्सिल म्हणजे पाटीपेक्षा मऊ दगडच, घासला की त्याची भुकटी खरखरीत पृष्ठभागात अडकते, ओल्या फडक्याने निघते, बॅटरी नाही, टोपण नाही, सुकत नाही. अक्षर करडं येतं, फार ठळक नाही, पण पाटीला चकाकी नसल्यामुळे दिव्याखाली पॅडपेक्षा बरी दिसते. आवाज मात्र कर्र होतो, तो आम्हाला, आजोबांना अर्थात नाही. पडली तर फुटते, एक फुटली.

पाटीचा खरा फायदा मला पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे कळला. त्या चौथीपर्यंत शिकल्यात आणि नंतर लिहायची वेळ आली नाही. वही पुढे केली की त्या हात मागे घ्यायच्या, माझं अक्षर चांगलं नाही म्हणायच्या, चुकलं तर कायमचं राहील ना. पाटी दिल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘काका चा हवा’. प्रश्नचिन्ह नाही, चहातला ह नाही, आणि आजोबांना क्षणात कळलं. आता त्यांच्या दोघांच्या रोज गप्पा होतात, मावशी शब्द आठवला नाही तर चित्र काढतात, परवा दुधी भोपळ्याचं काढलं होतं. पुसता येतं म्हटल्यावर माणूस लिहायला घाबरत नाही.

आणि दुसरं, काही गोष्टी राहूच नयेत. आत्याआजीच्या, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या आजाराचं कळलं तेव्हा त्यांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. ऐकू येणाऱ्या माणसाला आपण अर्धं वाक्य बोलून थांबतो, हातावर हात ठेवतो, पुढचं त्याला आपोआप कळतं. लिहिताना तसं थांबताच येत नाही, शब्द पूर्ण करावाच लागतो. आईने पाटीवर लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि स्वतःच्या हाताने पाटी पुसली, पाणी न घेता, नुसत्या तळव्याने. वहीत असतं तर ते पान त्या वहीत राहिलं असतं, आणि ते वही उघडतील तेव्हा समोर आलं असतं. व्हाइटबोर्डवर, एवढ्या मोठ्या काळ्या अक्षरात, ते मला लिहिताच आलं नसतं.

पण माझी एक नंबरची शिफारस वहीच आहे. आणि कुठलीही वही नाही, दुरेघी. हे मला सुचलेलं नाही, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदार काकांचं डोकं आहे ते.

आम्ही सुरुवातीला घरातली दोनशे पानी एकरेघी वापरायचो आणि हाताला येईल ते पेन. शिसपेन्सिल पहिल्याच दिवशी बाद झाली. नाव शिसपेन्सिल असलं तरी तिच्यात शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते, ही मिसळायची रीत १७९५ मध्ये कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने काढली, आणि ग्राफाइटला चमक असते म्हणून ट्यूबखाली ते अक्षर चकाकतं आणि गायब होतं, गडद टूबी (2B) पेन्सिलीने लिहिलं तरी. साधं बॉलपेन बारीक आणि फिकं. मग मी जाड मार्कर घेतला, तर तो पानामागे उमटला, मागचं पान वाया, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांमध्ये घुसायला लागले. इंग्रजीला ही अडचण एवढी येत नाही, मराठीत अक्षराच्या वर पण मजला असतो आणि खाली पण. एक ओळ सोडून लिहिलं तर जमतं पण घाईत ओळ सोडायची राहते.

तर एका शनिवारी चौकात गेले. कोथरूडहून गाडीने जाऊ नका, पार्किंगच्या नादात जीव जातो, वनाज लाइनची मेट्रो धरून सिव्हिल कोर्टला (आता जिल्हा न्यायालय स्टेशन) बदला आणि कसबा पेठला उतरून चालत जा. दुकान अगदी छोटं आहे, नाव मुद्दाम देत नाहीये कारण काकांना गर्दी झालेली आवडत नाही असं त्यांनी मला स्वतः सांगितलंय, जूनमध्ये शाळेची गर्दी होते तेवढी त्यांना पुरे. मी म्हटलं जाड, काळं, मागे न उमटणारं पेन द्या. त्यांनी पेन न काढता विचारलं, कोणासाठी? मी सांगितलं. मग त्यांनी स्टूल बाहेर काढलं, पाठकोरे कागद दिले, सात-आठ पेनं समोर ठेवली, आणि म्हणाले तुम्ही नेहमी काय लिहिता आजोबांना तेच लिहून बघा, सही नका करू. सगळेजण पेन बघताना सहीच करतात म्हणे आणि सहीवरून काही कळत नाही. मी लिहिलं, ‘आजोबा झोप लागली का?’ आठ वेळा लिहिलं. मग त्यांनी तो कागद काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नेऊन धरला आणि विचारलं, कुठलं वाचता येतंय? दोनच वाचता आले. एक १.० एमएमचं काळं जेल पेन आणि एक साधं काळं स्केच पेन, पाण्याच्या शाईचं, पाच रुपयाचं. आणि शेवटी त्यांनी दुरेघी वही वरून ठेवली. मी म्हटलं ही तर पहिलीतल्या मुलांची. ते म्हणाले, हिच्यात दोन रेघांच्या मध्ये अक्षर आणि मग मोकळी पट्टी, ती वेलांटी-मात्रा-उकारासाठीच सोडलेली असते, तुम्हाला तेच पाहिजे ना.

तेच पाहिजे होतं. अक्षर आपोआप मोठं येतं, ओळ सोडावी लागत नाही, मजले एकमेकांत घुसत नाहीत. जेल पेन सुकायला दोन सेकंद घेतं, डावखुऱ्या दादाचा तळहात काळा होतो, त्याने स्केच पेन वापरावं. वही पंचेचाळीस रुपये, साधारण अकरा-बारा दिवस जाते. दुकानाला पाचपैकी पाच, एक तक्रार म्हणजे काका यूपीआय घेतात पण सुट्टे नसले की बदल्यात खोडरबर देतात, माझ्याकडे आता चार झालेत.

वहीमुळे दोन बदल झाले जे पॅडने झाले नव्हते. एक, आता आम्ही आजोबांच्या समोर बसत नाही, शेजारी बसतो. समोर बसलं की लिहून फिरवावं लागतं, शेजारी बसलं की ते लिहिता लिहिता वाचतात, आणि अर्ध्या वाक्यावर त्यांना पुढचं कळतं आणि ते उत्तर द्यायला लागतात, म्हणजे मधे तोडून बोलणं परत आलं, जे खऱ्या गप्पांत असतंच. मी ‘उद्या दादा ये’ एवढं लिहिलं की ते म्हणतात कितीची ट्रेन? मी विषय आधी लिहायला शिकले त्यामुळे, आधी ‘दादा’ किंवा ‘डॉक्टर’ लिहायचं, मग बाकीचं, म्हणजे त्यांचं डोकं आधीच त्या खोलीत जाऊन बसतं.

दुसरा बदल असा की रात्री झोप लागली नाही की ते वही वाचतात. दिवसभराचं परत. ऐकलेलं परत ऐकता येत नाही पण हे येतं. मी बेथोवेनबद्दल कुठेतरी वाचलं होतं की कान गेल्यावर १८१८ पासून तो लोकांना वहीत लिहायला लावायचा, त्यातल्या १३० हून जास्त वह्या अजून जपून ठेवल्यात, आणि तो स्वतः बहुतेक तोंडानेच उत्तर द्यायचा म्हणून त्या वह्यांत लोकांचे प्रश्न आहेत आणि त्याची उत्तरं बऱ्याचदा नाहीत. मी आमच्या जुन्या वह्या काढून बघितल्या. तसंच. ‘बरं वाटतंय ना?’ आणि खाली लगेच, ‘मग डॉक्टरांना फोन करू का?’ मधे ते काय म्हणाले होते ते मला आठवत नाही. पानंच्या पानं अशी, सगळी आमची. सहा वह्या भरल्यात आणि आजोबा त्यात कुठेच नाहीत.

हे मी त्यांना लिहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाले मला शाईचं पेन आण, निळी शाई, कॅमलिनचीच आण. त्यांचा हात थरथरतो त्यामुळे मला वाटलं जमणार नाही, पण शाईच्या पेनला दाबावं लागत नाही, निब कागदाला टेकली की बारीक खाचेतून शाई आपणहून उतरते, बॉलपेनला मात्र गोळी फिरवायला जोर लागतो, म्हणून उलट हेच त्यांना सोपं जातं. आता ते सगळं लिहीत नाहीत, बोलतातच, पण वाटेल तिथे आमच्या काळ्या ओळीखाली निळ्यात उत्तर टाकतात. कालच्या पानावर माझं, ‘आजोबा भाजी कोणती करू?’ आणि खाली वाकडंतिकडं निळं, ‘मेथी. तुझी आजी करायची तशी, लसूण जास्त.’

अडचण एकच राहिलीय, दुरेघी वहीचा कागद मुलांच्या पेन्सिलीसाठी केलेला असतो, शाई त्यात फुटते, आणि मेथीचा थी पार पसरलाय. दुरेघी आणि कागद जरा जाड, असं काही कोणी वापरत असेल तर दुकान आणि किंमत सांगा, मी शनिवारी परत चौकात जाणारच आहे.